घरातला संग्राहक आणि सिव्हिल लाइन्समधला कलेक्टर

नागपुरात नुसते 'कलेक्टर' म्हटले की ऐकणाऱ्याला सिव्हिल लाइन्समधली जिल्हाधिकारी कचेरी आठवते. रेल्वेतला टीसीसुद्धा कलेक्टरच, पण त्या दोन अक्षरांतले दुसरे कशाचे हे कुणी विचारत नाही. आणि ज्याच्या घरी लोखंडी पेटीत राणी छाप रुपये, भोकाचे पैसे आणि चार-दोन हिरवी पडलेली तांब्याची नाणी आहेत, त्याने पाहुण्यांसमोर 'मी कॉइन कलेक्टर आहे' म्हटले, तर आधी घरचेच हसतात. त्याच्यासाठी मराठीत 'संग्राहक' हा चांगला शब्द आहे. विकण्यासाठी घेतो तो व्यापारी, मिळेल ते कोंबून ठेवतो तो साठेबाज. काय घेतले, कुठून घेतले आणि का घेतले हे ज्याला सांगता येते तो संग्राहक.

हा लेख त्याच्यासाठी, किंवा आजी-आजोबांच्या मागे अशी पेटी हाती आली आहे आणि तिचे काय करावे हे कळत नाही, अशा माणसासाठी आहे. सिव्हिल लाइन्समधला कलेक्टर मध्येच पुन्हा येईल. १८७८ च्या एका कायद्याने या दोघांची गाठ घालून ठेवली आहे, आणि बहुतेक संग्राहकांना ती ठाऊक नसते.

पेटी उघडली की पहिला प्रश्न येतो तो किमतीचा. तो बाजूला ठेवा आणि आधी नाणी ओळखा. विदर्भातल्या घरांत सर्वांत जास्त निघतात ते ब्रिटिश काळातले चांदीचे कलदार रुपये. १८६२ पासून १९३९ पर्यंतच्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात चांदी ९१.७ टक्के. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्म्यावर आली, कारण महायुद्ध. १९४७ चा वाघाचा रुपया तर निव्वळ निकेलचा. हे माहीत नसले की गंमत होते. अनेक जण लोहचुंबक लावून पाहतात, १९४७ चा रुपया चटकन चिकटतो आणि खरे नाणे 'नकली' म्हणून फेकले जाते. निकेल चुंबकाला चिकटतेच. चिकटू नये ते चांदीचे नाणे. चुंबकापेक्षा दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा घ्या, तो जास्त कामाचा. रुपया झिजला असेल तर वजन थोडे कमी भरेल, पण अर्धा-पाऊण ग्रॅमने जास्त भरला तर शंका घ्या.

साल पाहतानाही सावध असावे. १८६२ चे नाणे सापडले की दीडशे वर्षांहून जुने म्हणून लोक हरखतात. टांकसाळींनी पुढची कित्येक वर्षे नाण्यांवर १८६२ हेच साल ठेवले, त्यामुळे हे साल सर्वांत जास्त मिळते. १९११ च्या रुपयाची गोष्ट वेगळी. पंचम जॉर्जच्या पोशाखावरच्या पदकातला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, नाणे मागे घेतले गेले आणि १९१२ पासून हत्ती नीट सोंडेचा झाला. भिंग लावून हा फरक बघण्यासारखा आहे. १९३९ चा रुपया मात्र खरोखर विरळा, आणि म्हणूनच १९३८ च्या रुपयावरचा शेवटचा आकडा कोरून बदललेले रुपये बाजारात फिरतात. त्या आकड्याभोवतीचा पत्रा भिंगाखाली खरवडलेला दिसतो का ते पाहावे.

ज्या रुपयांना पाठीमागे कडी झाळून बसवली आहे, ते कुणाच्या तरी गळ्यातल्या माळेतले. संग्राहकाच्या बाजारात झाळ लागलेल्या नाण्याची किंमत जवळपास चांदीच्या भावावर येते. पण कडी काढायला सराफाकडे नेऊ नका. काढल्याने डाग जात नाही, आणि ते नाणे कुणी अंगावर घालत होते ही खूण तेवढी जाते. मला विचाराल तर घरच्या संग्रहात माळेतला रुपया हाच सर्वांत बोलका असतो.

स्वातंत्र्यानंतरच्या नाण्यांत सुरुवात करणाऱ्याला सालाखालच्या खुणा शिकायला मजा येते. मुंबईच्या टांकसाळीची खूण छोटा चौकट आकार, हैदराबादची चांदणी, नोएडाची गोल ठिपका, आणि काहीच खूण नसेल तर नाणे कोलकात्याचे. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली तेव्हा पैशावर 'नया पैसा' असे होते, आणि १९६४ मध्ये 'नया' गेले. भाजीवाल्याकडून आलेल्या सुट्या पैशांत एका संध्याकाळी या चारही टांकसाळी सापडू शकतात. मुलांना हा छंद लावायचा असेल तर येथूनच लावावा, खर्च शून्य.

आता सर्वांत मोठा गुन्हा. तो कायद्यातला नाही, पण त्याने संग्रहाचे नुकसान चोरीपेक्षा जास्त होते. नाणी घासू नका. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, पितांबरी, सोनाराचे तेजाब, यांपैकी काहीही नको. चांदीवर वर्षानुवर्षे चढलेला काळसर थर आणि तांब्यावरचा तपकिरी थर म्हणजे धातूने स्वतःवर घेतलेले पांघरूण. ते उतरवले की खालचे अक्षर बोथट होते आणि जाणकार लांबूनच ओळखतो. माती चिकटली असेल तर ऊर्ध्वपातित पाण्यात दिवसभर बुडवून ठेवा, मऊ कापडाने टिपा, चोळू नका, आणि तेवढ्यावर थांबा. तांब्याच्या नाण्यावर पावडरसारखा सुटा, फिकट हिरवा थर येत असेल तर तो मात्र रोग आहे. ते नाणे इतरांपासून ताबडतोब वेगळे करा आणि कोरडे ठेवा.

कोरडे ठेवणे ही नागपुरात वाटते तितकी सोपी गोष्ट नाही. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असते, म्हणून आपण समजतो की आपली हवा कोरडीच. पण त्याच महिन्यात खिडकीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर दिवसरात्र चालतो आणि खोली दमट होते. नाण्यांचे कपाट कूलरच्या खोलीत नको. मऊ, वास येणारे पीव्हीसी प्लास्टिकचे पाकीटही नको. ते काही वर्षांनी चिकट होते आणि तांब्याला हिरवे करते. आम्लविरहित कागदाची किंवा पारदर्शक पॉलिएस्टरची पाकिटे घ्या, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्याआधी बदला. शिशाची नाणी असतील तर ती प्लायवूडच्या खणात ठेवू नयेत, कारण लाकडातून आणि त्याच्या गोंदातून सुटणारी आम्लाची वाफ शिशाला पांढरे करून पोखरते. नाणे धरायचे ते कडेने, तेही मऊ कापड अंथरून, म्हणजे हातून निसटले तरी फरशीवर आपटत नाही.

एवढे झाले की वही घ्या. माझ्या मते संग्रहाची खरी किंमत या वहीत असते. प्रत्येक नाण्याला एक क्रमांक द्या आणि वजन, व्यास, धातू, दोन्ही बाजूंचे वर्णन, कधी मिळाले, कुणाकडून मिळाले, किती रुपये दिले आणि मूळ कुठे सापडले हे लिहा. शेवटची नोंद बहुतेक लोक गाळतात, आणि तीच सर्वांत मोलाची.

एक नाणे घेऊन पाहू. विदर्भात सातवाहन काळातली पोटीनची, म्हणजे तांबे, कथील आणि शिसे यांच्या मिश्रधातूची नाणी मिळतात. करड्या-काळसर रंगाची, नखाएवढी. एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती, दुसऱ्या बाजूला अधिकच्या चिन्हासारखी रेघ आणि तिच्या चार टोकांना चार वर्तुळे. या खुणेला उज्जयिनी चिन्ह म्हणतात. टेबलावरचा दिवा खाली आणून प्रकाश तिरपा पाडला की हत्तीच्या वर ब्राह्मी अक्षरे उठतात. बहुधा 'रञो', म्हणजे राजाचे, एवढे लागते आणि पुढचे नाव नाण्याच्या कडेबाहेर गेलेले असते. ठसा मोठा आणि धातूची टिकली लहान, म्हणून संपूर्ण नाव एका नाण्यावर जवळजवळ कधीच येत नाही. एकावर नावाचा आरंभ, दुसऱ्यावर मधली अक्षरे, तिसऱ्यावर 'सातकणि'. अशी अनेक नाणी एकत्र ठेवली तरच राजा सापडतो.

१९३९ मध्ये तऱ्हाळा या गावी नेमके हेच घडले. गाव तेव्हा अकोला जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यात होते. तिथे पोटीनच्या सातवाहन नाण्यांचा हजाराहून कितीतरी मोठा साठा निघाला. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो अभ्यासून प्रसिद्ध केला. पुराणांतल्या सातवाहन वंशावळीत ज्यांचा पत्ता नाही असे कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी हे राजे या नाण्यांमुळे इतिहासात आले. हाच साठा मुठीमुठीने वाटला गेला असता, काही सराफाकडे, काही पाहुण्यांकडे, तर प्रत्येक नाणे 'जुने, हत्तीचे' एवढेच राहिले असते. पुढे नागपूर विद्यापीठात अजय मित्र शास्त्री यांनी विदर्भाच्या नाण्यांवर आणि सातवाहन काळावर काम केले, त्यामागेही गाव माहीत असलेली नाणी होतीच. नाण्यावर सापडल्याचे गाव छापलेले नसते. ते एकदा हरवले की परत मिळत नाही.

इथे सिव्हिल लाइन्समधला कलेक्टर येतो. इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट, १८७८, साध्या भाषेत निखात निधीचा कायदा, आजही लागू आहे. जमिनीत दडलेली कोणतीही मोलाची वस्तू म्हणजे निधी. तिची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर सापडणाऱ्याने शक्य तितक्या लवकर कलेक्टरला लेखी कळवावे लागते: काय सापडले, अंदाजे किती किमतीचे, कुठे आणि कोणत्या तारखेला. वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची, किंवा मागतील तेव्हा हजर करीन अशी हमी द्यायची. कायदा झाला तेव्हाचे दहा रुपये म्हणजे दहा तोळे वजनाची चांदीची नाणी, आज दहा रुपयांत एक कटिंग चहा. म्हणजे नांगराच्या फाळाला लागलेले एकुलते एक शिवराई नाणेही व्यवहारात या कायद्याखाली येते.

याच कायद्यात 'कलेक्टर' म्हणजे जिल्ह्याचा स्वतंत्र कारभार पाहणारा कोणताही महसूल अधिकारी, अशी व्याख्या करून ठेवली आहे. ती आपल्याकडे फार कामाची ठरली, कारण मध्य प्रांत आणि वऱ्हाडात त्या काळी जिल्ह्याच्या प्रमुखाला कलेक्टर म्हणतच नसत. तो डेप्युटी कमिशनर असे. विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आल्यानंतरच कलेक्टर हे नाव आपल्या बोलण्यात पक्के झाले. जुन्या पिढीतले लोक 'डीसी साहेब' म्हणत ते यामुळे.

अर्ज दिल्यावर काय होते? कलेक्टर जाहीर सूचना काढतो आणि हक्क सांगणाऱ्यांना चार ते सहा महिन्यांच्या दरम्यानची एक तारीख देतो. कुणी मालक सिद्ध झाला नाही आणि सापडणारा व जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा भाग देऊन ती घेता येते. कळवलेच नाही तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

स्पष्ट बोलायचे तर पाचव्या भागाची ही उदारता राणीच्या काळातली आहे. शिशाच्या किंवा पोटीनच्या दुर्मिळ नाण्याला धातूच्या भावावर वीस टक्के म्हणजे काहीच नाही, आणि पाया खोदणारे मजूर हंडा निघाला की गुपचूप इतवारीतल्या सराफांची वाट धरतात याचे एक कारण तेच. कायदा बदलायला हवा. पण तो बदलेपर्यंत संग्राहकाने तरी आडवाटेने जाऊ नये. आणि एक गोष्ट लक्षात घ्या: हा अर्ज म्हणजे त्या नाण्याच्या गावाची सरकारदरबारी झालेली पक्की नोंद असते. अर्जाची पोच घ्या, नाण्यांचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून अर्जासोबत जोडा, हंडा असेल तर हंडाही जपा आणि त्यातली माती फेकू नका. नगरधन, मनसर, पवनी अशा ठिकाणच्या संरक्षित हद्दीत तर हाताने उकरायचेही नाही, मेटल डिटेक्टर लांबच.

कुणी 'शेतात निघाली होती' असे सांगत नाणी विकायला आणली, तर तिथेच थांबा. त्याला कलेक्टर कचेरीचा रस्ता दाखवा. पाहिजे तर अर्ज लिहून द्या. पण नाणे विकत घेऊ नका.

बाजारात दुसरे धोके आहेत. 'कलेक्टर्स आयटम', 'कलेक्टर्स पीस' अशी चिठ्ठी नाण्याला लावली की भाव दुप्पट होतो, पण या शब्दांना कसलेही प्रमाण लागत नाही. रामदरबार कोरलेले, एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८ साल असलेले तांब्याचे 'नाणे' कंपनीने कधीच पाडले नव्हते. ते देवघरासाठी किंवा फसवण्यासाठी नंतर बनवलेले टोकन आहे, कुणी काहीही सांगो. शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन अस्सल असण्याची शक्यता इतकी कमी की दाखवणाऱ्याला नम्रपणे नमस्कार करावा. शिवराई मात्र भरपूर मिळतात; एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', आणि थोड्या पैशांत खरे नाणे हाती येते. तांदूळ ओढणारे तांब्याचे नाणे, म्हणजे तो 'राइस पुलर', ही तर निव्वळ ठगबाजी. वैष्णोदेवीचे पाच रुपये किंवा ७८६ ची नोट लाखांत घेतो म्हणणारा माणूस आधी नोंदणी शुल्क मागतो, मग कर मागतो, मग फोन बंद. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सूचना काढून सांगितले की अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती कोणाकडून शुल्क मागत नाही.

नोटांचा नियम वेगळा लक्षात ठेवावा. नोव्हेंबर २०१६ मध्ये रद्द झालेल्या ५०० आणि १००० च्या नोटा कोणत्याही मूल्याच्या मिळून दहापेक्षा जास्त जवळ ठेवता येत नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी ही मर्यादा २५ आहे. २०१७ च्या कायद्याप्रमाणे त्यावर दहा हजार रुपये किंवा नोटांच्या किमतीच्या पाचपट, यांतला जो आकडा मोठा तेवढा दंड होऊ शकतो. २००० ची नोट मात्र मे २०२३ मध्ये चलनातून मागे घेतली, रद्द केलेली नाही. संग्रहातल्या जास्तीच्या असतील तर त्या जमा करण्यासाठी ठरवलेल्या रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयांत नागपूरचेही आहे. चलनातली नाणी वितळवणे कॉइनेज ॲक्ट, २०११ प्रमाणे गुन्हा आहे, हे धातूच्या भावाकडे बघणाऱ्यांनी ऐकून ठेवावे.

शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने पुरावस्तू ठरते. घरी बाळगायला अडचण नाही. तिचा व्यापार करायचा तर परवाना लागतो, आणि देशाबाहेर नेता येत नाही. उन्हाळ्यात अमेरिकेहून आलेल्या भाच्याला आजोबांचा १८८० चा रुपया प्रेमाने देणारे काका हा नियम नकळत मोडतात. विमानतळावर तपासणीत नाणे सापडले तर ते भाच्याच्या गळ्यात येते, काकांच्या नाही. तुम्ही विकत घेताना विकणाऱ्याचा परवाना विचारा आणि बिल मागा. बिलावर नाण्याचे वर्णन लिहून घ्या, नुसते 'जुने नाणे १' नको.

डोळा तयार व्हायचा तर खरी नाणी बघावी लागतात. १८६३ मध्ये सुरू झालेले मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, सिव्हिल लाइन्समध्येच आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे, मुंबईच्या फोर्टात रिझर्व्ह बँकेचे. नागपूरच्या भोसल्यांचे रुपये बघताना बुचकळ्यात पडू नका. त्यांवर भोसल्यांचे नाव नाही, दिल्लीच्या मोगल बादशहाचे नाव फारसीत आहे, मराठ्यांच्या बहुतेक टांकसाळींत तसेच चाले. १७५१ ते १८०३ या काळात कटक भोसल्यांच्या ताब्यात होते, म्हणून तिथल्या टांकसाळीचे रुपयेही आपल्याच इतिहासातले.

शेवटी वारसाचा प्रश्न. संग्राहक गेला की वही आणि पेटी यांची फारकत होते, वही रद्दीत आणि पेटी सराफाकडे. म्हणून वहीवर पाकिटांचे क्रमांक आणि प्रत्येक पाकिटावर वहीतला क्रमांक लिहून ठेवा, आणि वहीची फोटोप्रत घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. पुण्याच्या दिनकर केळकरांनी आयुष्यभराचा संग्रह १९७५ मध्ये राज्य सरकारला दिला, म्हणून तो एकत्र राहिला. सगळ्यांना तेवढे शक्य नसते. पण गाव माहीत असलेली पाच-दहा नाणी संग्रहालयाला किंवा विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला द्यायची असतील, तर वहीतली त्यांची पाने सोबत द्या आणि देताना नोंदवहीतल्या क्रमांकासह पावती मागून घ्या.